केंड्राचे दोन अर्ज

आमच्या गावात एखादी गोष्ट गुपित ठेवायची असेल तर ती माझ्या औषधांच्या दुकानात बोलू नये, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. केंड्रा साइझमोरला ते पक्कं माहीत होतं. म्हणून त्या उन्हाळ्यात ती यायची, आईच्या शुगरच्या गोळ्या घ्यायची आणि तोंड मिटून निघून जायची. ॲम्ब्युलन्सवर काम करणारी, एरवी दारातूनच आरोळी ठोकणारी ही बाई एकदम मुकी झाली म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. अमेरिकेतल्या केंटकीच्या या डोंगरांत मी अर्धं आयुष्य काढलंय, इथले लोक गप्प बसले की काहीतरी बिनसलंय हे मला लगेच कळतं.

एके दिवशी मी गोळ्यांची बाटली हातातच धरून ठेवली. "काय झालंय ते सांग. सांगितल्याशिवाय मिळायची नाही."

"मिस वृंदा, हा गुन्हा आहे."

"असू दे. बोल."

मग तिनं सगळं ओतलं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, कारण आधी दोनदा तिनं मेडिकल कॉलेजांना अर्ज केले होते आणि दोन्ही वेळा नकार आल्यावर गावानं तिची मनसोक्त टिंगल केली होती. पेट्रोल पंपावरचा डॉयल तर "डॉक्टरीणबाई, चाकांचे ठोके तपासू का?" असं रोज विचारायचा. आता चौतिशी आली होती. हा प्रयत्न शेवटचा, नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

या खेपेला तिनं दोन्ही दारं ठोठावली होती. इथं पूर्ण डॉक्टर व्हायचे रस्ते दोन. एक एम.डी.चा, जगाला माहीत असलेला, म्हणजे भारतातल्या एम.बी.बी.एस.सारखा. दुसरा ऑस्टिओपॅथीचा, त्याला डी.ओ. म्हणतात. औषधं तीच, ऑपरेशनं तीच, अधिकारही तेच. वर हाडं, सांधे, स्नायू हातानं चाचपून मोकळे करायची विद्या शिकवतात ती वेगळी. म्हणजे अर्ज दोन, निबंध दोन आणि काळजी दुप्पट.

"मग अडलंय कुठं?"

"डी.ओ.वाल्यांना त्यांच्यातल्याच एखाद्या डॉक्टरचं शिफारसपत्र हवंय. लेक्सिंग्टनपर्यंत चपला झिजवून आले. अनोळखी बाईला पत्र कोण देतंय? आणि आपल्या डोंगरात डी.ओ. आणायचा कुठून?"

मला आधी हसू आलं, मग राग आला, मग दोन्ही एकदम. "अगं वेडे! डॉक टॅकेट कोण आहेत?"

"डॉक? ते तर त्यांच्या आईचा सातवा मुलगा ना."

हे ती थट्टेनं म्हणाली नव्हती. सातव्या मुलाच्या हाताला जन्मतःच गुण असतो, असं इथं सगळे मानतात. डॉक टॅकेटांनी कुणाची आखडलेली पाठ मोकळी केली की लोक त्यांच्या आईला दुवा देत घरी जायचे. ते कुठल्या कॉलेजात शिकले हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या मात्र रोज माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या नावापुढे डी.ओ. लिहिलेलं मी हजार वेळा वाचलंय.

मी ते तिला सांगितलं. केंड्रानं कपाळावर हात मारून घेतला. "मी त्यांच्या दारात पेशंट नेऊन घालते, मिस वृंदा! सारखी! आणि अख्ख्या राज्यात डी.ओ. शोधत हिंडतेय!"

गोळ्या तिथंच टाकून ती पळाली. मीही दुकान मदतनिसावर सोपवून तिच्या मागे. असली मजा कोण चुकवणार?

डॉक टॅकेट ऐंशीच्या घरातले, कायम कुरकुरणारे. सगळं ऐकून ते म्हणाले, "सातवा? मी चौथा. बहीण धरली तर पाचवा. गावाला सांगून सांगून जीभ झिजली. ऐकतंय कोण? चार वर्षं कॉलेजात घासली, आणि श्रेय जातंय आमच्या म्हातारीला!"

"मग पत्र द्याल?"

"तुझे हात कसे आहेत मला काय माहीत? शनिवारी ये."

ती शनिवारी गेली. पुढच्या शनिवारीही गेली. खाणीत उभं आयुष्य वाकून काढलेल्या माणसांच्या पाठींवर डॉक आपला हात ठेवायचे, त्याखाली तिचा हात घ्यायचे आणि विचारायचे, "हाताला काय लागतंय?" ती म्हणायची, "काही नाही." "मग अजून थांब. दाबू नकोस, ऐक." आणि मग एका शनिवारी ती माझ्या दुकानात अक्षरशः उड्या मारत आली. "लागलं! मिस वृंदा, मला लागलं! बोटांखाली गाठ सैल झालेली कळली मला!" मलाच मिठी मारून तिनं माझा चष्मा पाडला.

पत्र मिळालं, पण गावानं नवाच घोळ घातला. हाताचा गुण पुरुषाकडून बाईकडे जातो, आणि एकदा दिला की देणाऱ्याकडे उरत नाही, अशी इथली आणखी एक समजूत. केंड्राच्या आईनं, वॉन्डानं, चर्चच्या जेवणात पिंटो बीन्स वाढता वाढता सांगून टाकलं, "डॉकनी सगळं माझ्या पोरीला दिलं बरं का!" झालं! सोमवारपासून पाठदुखीवाले डॉककडे जाईनात. सगळे ॲम्ब्युलन्सच्या ठाण्यावर कमरेवर हात ठेवून रांगेत उभे. केंड्रा ओरडतेय, "मला परवानगी नाही! परत जा!" आणि तिचा जोडीदार कोडी हसून हसून जमिनीवर बसलाय. शेवटी डॉक स्वतः ठाण्यावर येऊन गरजले, "अरे गाढवांनो, माझ्याकडे अजून शिल्लक आहे!" तेव्हा कुठं रांग हलली.

मुलाखतींचे दिवस आले. एम.डी.च्या विद्यापीठात सगळं अदबीनं झालं आणि तिचं नाव प्रतीक्षायादीत गेलं. तिचा चेहरा पडला. आता डी.ओ.च्या कॉलेजचीच आशा. जाण्याआधी कोडीनं तिला बजावलं, "दुसरीकडे अर्ज केलाय का, असं ते हमखास विचारतात. नाही म्हण. आपण दुसरी पसंती आहोत हे कुणाला आवडतं?"

तिथं तिनं त्या रांगेची गोष्ट सांगितली. मंडळी डोळे पुसेपर्यंत हसली. मग मधे बसलेल्या बाईंनी विचारलंच, "एम.डी.लाही अर्ज केलाय?"

केंड्रा मला नंतर म्हणाली की खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "हो. दोन्हीकडे केलाय. आमच्याकडे मी पोचते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो, आणि गाडीत डॉक्टर नसतो. ज्या दारातून आत घेतील त्या दारातून जाईन. पण पाठीवर हात ठेवून ऐकायला मी याच बाजूला शिकलेय, हेही खरं."

बाईंनी नुसतं लिहून घेतलं. केंड्रा परत आली ती "घालवलं मी सगळं" म्हणतच. मलाही तेच वाटलं, आणि मनातल्या मनात मी तिच्या खरेपणाला चार शिव्या घातल्या.

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी रस्त्यावर सायरन कोकलला. सगळे बाहेर धावले. ॲम्ब्युलन्स माझ्या दाराशी उभी, दिवे लखलखतायत, कोडी सायरन बंद करायला तयार नाही आणि केंड्रा फोन कानाला लावून रस्त्याच्या मधोमध नाचतेय. "घेतलं! मला घेतलं! डी.ओ.नं घेतलं!" डॉयल पंप सोडून आला. वॉन्डा घरच्या चपलांतच धावली. मी तर काउंटरवरचं मोजपात्र हातात घेऊनच नाचले. त्या संध्याकाळी वॉन्डानं सफरचंदाचा थरांचा केक सगळ्या गल्लीला खाऊ घातला आणि डॉयलनं पहिल्यांदा तिला नुसतं "डॉक्टर" म्हटलं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण वसंतात एम.डी.च्या विद्यापीठाचा फोन आला. प्रतीक्षायादी सरकली होती आणि जागा होती. फी निम्मी, घर जवळ, नाव मोठं. दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर हवं होतं. वॉन्डा म्हणाली, "खरी डॉक्टर होशील!" केंड्रा तडक डॉककडे गेली. मी त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन तिथं होतेच, ते स्वतः कधी न्यायला येत नाहीत.

"एम.डी. घे," डॉक म्हणाले. "जन्मभर कुणी विचारणार नाही ही अक्षरं कसली म्हणून. तरुणपणी मला याच अक्षरांवरून एका मोठ्या इस्पितळानं दारातून परत पाठवलं होतं. तुला ते कशाला?"

"बरोबर सांगतायत," मी म्हणाले. "डोकं असेल तर ऐक."

केंड्रा जायला उठली. डॉक तिला पोचवायला खुर्चीतून उठायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. एक हात टेबलावर, दुसरा कमरेवर, तोंड वेडंवाकडं. "काही नाही, होतं असं. सुटतं आपोआप."

"झोपा," केंड्रा म्हणाली.

"अगं, मी..."

"डॉक, झोपा."

सगळं गाव ज्या टेबलावर पालथं पडायचं, त्यावर ते हळूच पालथे झाले. केंड्रानं त्यांच्या कण्यालगत हात ठेवला आणि थांबली. घाई नाही, जोर नाही. बोटं सरकली, परत आली. "इथं?"

"जरा खाली. तिथंच."

मग त्यांचे खांदे खाली आले आणि त्यांनी असा श्वास सोडला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"डॉक, इतकी वर्षं तुमची पाठ कोण बघत होतं?"

"कोण बघणार?" गादीत तोंड खुपसलेलेच ते म्हणाले. "इथं हे येतं ते मला एकट्याला."

केंड्रानं हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या दुकानात, सगळ्यांसमोर तिनं त्या विद्यापीठाला फोन लावला आणि आभार मानून जागा सोडली. वॉन्डा रडायला लागली. डॉयल म्हणाला, "भ्रमिष्ट झालीस का?" आणि तिला आदल्या दिवशी अक्कल शिकवणारी मी काउंटर ओलांडून धावले आणि तिला घट्ट मिठी मारली.