शिवेवर टेकवलेली डोली

मुलीकडे दिल्लीला जायला मी म्हातारपणी पहिल्यांदा विमानात बसले. आत अंतर सांगितलं, लागणारा वेळ सांगितला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "जरा डोळा लागला की दिल्ली आलीच समजा." मला त्यांचा उगाचच राग आला. मोखाड्याहून जव्हार याच्यापुढे काहीच लांब नव्हतं.

जव्हार संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. वडील मोखाड्याला मास्तर होते. भातकापणीच्या दिवसांत आईला ताप चढला, तो उतरेचना. दवाखाना जव्हारला. बैलगाडीचे हिसके तिला सोसवले नसते, म्हणून गावातले चार गडी तिला डोलीत घालून निघाले. मागून वडील आणि मी पायी.

तिकडे रीत अशी, की आजारी माणसाला एका गावाने आपल्या शिवेपर्यंत न्यायचं आणि तिथून पुढच्या गावाने खांदा द्यायचा. निरोप आधीच गेलेला असे. दुसऱ्याच्या हद्दीत आपणच डोली नेणं म्हणजे त्या गावाला हलकं लेखणं. एरवी या रीतीनेच अडलेल्यांची सोय व्हायची, म्हणून मी तिला नावं ठेवत नाही.

शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापाशी गड्यांनी डोली टेकवली. पुढचं कुणीच आलेलं नव्हतं. हाका मारून झाल्या. टेकाडापलीकडून ओहोळाचा आवाज तेवढा येत होता.

वडील रडकुंडीला आले. "अरे, उचला! मी समजावतो त्यांना."

"मास्तर, आमची शीव अठं सरली," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. "पुढं त्यांचा खांदा. येतील ते. बायला टाकायचे नाहीत."

आईने विचारलं, "किती राहिलं?"

वडिलांनी समोरच्या पठाराकडे बोट केलं. "ते काय जव्हार. आलंच."

खरंच दिसत होतं. ऊन फिरलं तशी आम्ही डोली सावलीत सरकवली. तिने पुन्हा विचारलं, वडिलांनी पुन्हा तेच सांगितलं. मग ती विचारायची थांबली.

शेवटी एक गडी टेकाड ओलांडून गेला. पुढच्या गावचे चौघे पलीकडे ओहोळाकाठी सकाळपासून बसलेले. आजारी बाईला चढ नको, म्हणजे ही माणसं खालच्याच वाटेने येणार, असं त्यांनी धरलं होतं. आमच्या गड्यांनी मात्र खाली दगडगोटे फार, तिला हिसके बसतील म्हणून वरची वाट घेतली होती. काळजी दोघांनाही होती. याचंच मला अजून वाईट वाटतं, कारण रागवायलाही कुणी सापडत नाही.

ते धावत आले. त्यानंतर कुणी शीव पाहिली नाही. आठही जण खांदे बदलत, जवळजवळ पळत, थेट जव्हारपर्यंत आले. दवाखान्याच्या पायरीशी डोली उतरवली तेव्हा आई गेलेली होती.

विमान खाली उतरू लागलं. शेजारच्या गृहस्थांनी घड्याळ पाहून मला विचारलं, "आता किती राहिलं असेल हो?"

मला "आलंच" म्हणवेना.