नायट्रोजनचं जर्मन नाव

"त्या टाकीत गॅस कुठला होता?" संदेशच्या वडिलांनी विचारलं.

"नायट्रोजन," प्लांट मॅनेजर म्हणाले. "विषारी नाही, गुरुजी. आत्ता या खोलीतल्या हवेतही तोच आहे. निष्क्रिय वायू."

"ते मला माहीत आहे. नोकरीभर मुलांना तेच शिकवलं मी."

"मग आमचा पोर गेला कशान, ते सांगा की," संदेशचे चुलते मागून म्हणाले.

टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर आणि जर्मनीहून आलेला इंजिनिअर क्लाऊस. दुसऱ्या बाजूला गुरुजी आणि चुलते. मधल्या खुर्चीत मी.

मी जर्मनची दुभाषी आहे. चिपळूणला राहते. जवळच्या लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी यंत्र आलं की ते बसवायला तिकडचा माणूस येतो, आणि त्याचं बोलणं इथल्या फिटरपर्यंत पोचवायला मला बोलावतात. कामाचा नियम सोपा आहे. तो बोलतो तेव्हा गप्प राहायचं, तो थांबला की सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, आणि बाजू घ्यायची नाही.

संदेशच्या कंपनीत एक मोठा जर्मन ड्रायर बसवत होते. ड्रायर म्हणजे ओली पावडर वाळवायची स्टीलची बंद टाकी, वर माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड. ती पावडर उडाली की पेट घेऊ शकते. म्हणून टाकीतली हवा काढून तिथे नायट्रोजन भरून ठेवतात. ऑक्सिजन नाही, तर आग नाही.

संदेश तिथला फिटर. सावर्ड्याच्या आतल्या बाजूच्या गावातला, बोलका. क्लाऊसची आणि त्याची पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली होती. मी चहाला गेले तरी दोघांचं काम अडत नसे. संदेशने त्याला 'पाना' हा शब्द शिकवला होता, आणि क्लाऊस दिवसभर "संदेश, पाना!" म्हणून ओरडायचा. दुपारी संदेशच्या डब्यातली भाकरी तो मागून खायचा.

संदेश गेला त्या सकाळी टाकीच्या तोंडाचं झाकण उघडून संदेश गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची रबरी चकती, बदलत होता. चकतीचा एक तुकडा आत पडला. तो काढायला संदेश आत उतरला. हवा कुणी तपासली नव्हती. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप लावायचं असतं, तेही लावलेलं नव्हतं. बाहेरच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'इनर्ट गॅस'. क्लाऊस आणि मी तेव्हा ऑफिसात नकाशे पाहत होतो. आरडाओरडा ऐकून धावलो, तोवर त्याला दोराने वर घेतलं होतं. क्लाऊस गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबत राहिला. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी खांद्याला धरून बाजूला केलं तेव्हा कुठे थांबला.

ही बैठक त्यानंतर चार-पाच दिवसांनी झाली.

"हार्टचं काही असू शकतं," मॅनेजर म्हणाले. "पोस्टमॉर्टेमचा पूर्ण रिपोर्ट यायचाय. आणि परमिट नसताना आत उतरायचं नाही, हे सगळ्यांना सांगितलेलं आहे."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, यांना विचारा. माझा मुलगा कशाने गेला?"

मी क्लाऊसला विचारलं. तो टेबलाकडे बघत हळू बोलला. दोनच वाक्यं. "तो श्टिकश्टॉफने गुदमरला. ते तर त्या शब्दातच आहे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, "मॅडम, टेक्निकल कारण तपासात आहे, एवढंच सांगा. पुरे."

माझं बिल ती कंपनी देणार होती. पण क्लाऊस जे बोलला होता ते बोलला होता. मी दोन्ही वाक्यं सांगितली.

"शब्दात आहे म्हणजे?" गुरुजी म्हणाले. "कुठल्या शब्दात? नायट्रोजनमध्ये तर तसं काही नाही."

इथे माझी पंचाईत झाली. क्लाऊसचं वाक्य जर्मनमध्ये पुरं होतं. मराठीत ते अर्धंच पोचलं होतं. मी म्हटलं, "गुरुजी, आता सांगते ते यांचं नाही, माझं बोलणं आहे." हे म्हणावं लागतं. नाहीतर पुढचं सगळं क्लाऊसच्या नावावर जातं.

मग सांगितलं. जर्मन लोक नायट्रोजनला श्टिकश्टॉफ म्हणतात. श्टॉफ म्हणजे पदार्थ, आणि श्टिक हे 'गुदमरणं' या क्रियापदातून आलेलं. गुदमरवणारा पदार्थ. डच लोकांचा शब्द जवळजवळ तोच. स्वीडिशमध्ये क्वेव्हे, तोही गुदमरवण्यावरूनच. चेक भाषेत दुसीक, पुन्हा तेच. फ्रेंचांनी ग्रीकमधून आझोत असा शब्द घडवला. आझोत म्हणजे ज्यात जीवन नाही. इटालियन, पोलिश, रशियन लोक थोड्याफार फरकाने तोच वापरतात. जुन्या लोकांनी या वायूत मेणबत्ती ठेवली, ती विझली. उंदीर ठेवला, तो मेला. जे दिसलं त्यावरून नाव ठेवलं.

"आणि इंग्रजी?"

"इंग्रजीत नायट्रोजन. म्हणजे सोरा तयार करणारा. सोऱ्याचा, बंदुकीच्या दारूतल्या क्षाराचा, तो घटक आहे म्हणून. फ्रेंचमध्ये ही दोन्ही नावं निघाली होती. इंग्रजांनी हे उचललं, आणि आपल्याकडे इंग्रजांचं आलं. आपला नत्र हा शब्दही बहुधा त्याच आवाजावरून केलेला."

"नत्र," गुरुजी म्हणाले. "भाताला घालतो आम्ही. युरियाच्या गोणीवर लिहिलेलं असतं." मग थोडं थांबून विचारलं, "तो फ्रेंच शब्द परत सांगा."

"आझोत. 'आ' म्हणजे नाही, आपल्या 'अ'सारखाच. आणि झोए म्हणजे जीवन. हे झोए आणि आपला जीव एकाच मुळातून आलेत असं मानतात."

"अजीव," गुरुजी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "संदेश माझ्याच वर्गात होता. नायट्रोजन हा निष्क्रिय वायू आहे, हे मीच त्याच्याकडून पाठ करून घेतलं. निष्क्रिय म्हणजे काही न करणारा. मग तो भिणार कशाला?"

चुलत्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "दादा, तू गप रव."

क्लाऊसला यातलं काही कळत नव्हतं, पण चेहरे दिसत होते. त्याने काय झालं म्हणून विचारलं. मी गुरुजींची वाक्यं जशीच्या तशी सांगितली.

मग गुरुजींनी शेवटचा प्रश्न विचारला. "त्याला त्रास झाला का?"

मी ते विचारताच क्लाऊसने मान हलवली. "नाही. जीव घाबरा होतो तो आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नसला की. नायट्रोजनमध्ये श्वास नेहमीसारखाच चालू राहतो. फक्त त्यातून काही मिळत नाही. दोन-तीन श्वासांत शुद्ध जाते. त्याला कळलंसुद्धा नसेल."

मी ते सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की श्टिकश्टॉफ हा शब्दही पुरता खरा नाही. गुदमरल्यासारखं वाटलं असतं, तर संदेश वर आला असता.

"कळलंसुद्धा नसेल," गुरुजी स्वतःशीच म्हणाले. ते समाधान होतं की आणखी काही, मला सांगता येणार नाही. उठताना ते मॅनेजरांना म्हणाले, "तुमच्या त्या पाटीवर मराठीत लिहा, साहेब. नाव नको. हा वायू काय करतो ते लिहा."

"नक्की, गुरुजी," मॅनेजर म्हणाले.

ते दोघे गेल्यावर मॅनेजर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला भाषांतराला बोलावलं होतं. लेक्चर द्यायला नाही."

तक्रार नियमाला धरून होती. मी "हो" म्हटलं.

क्लाऊस आणि मी संदेशच्या पुण्यानुमोदनाला, बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीला, गेलो. अंगणात मांडव होता. संदेशची बायको भिंतीला टेकून बसली होती, कुणाकडे बघत नव्हती. वंदना झाली, लोक एकेक करून फुलं वाहत होते. क्लाऊसनेही वाहिली. येताना गाडीत म्हणाला, "मी त्याला आमचा शब्द शिकवला नाही. पाना शिकलो, आणि माझा एकही शब्द दिला नाही." त्यावर दुभाष्याला करण्यासारखं काही नव्हतं. त्या आठवड्यात तो परत गेला.

सरकारी तपासात कारण निघालं ते ऑक्सिजनची कमतरता. हार्टचं काही नव्हतं. व्हॉल्व्हला कुलूप लागलं. मराठी पाटीही लागली, ओळखीच्या एका फिटरने मला फोटो पाठवला. 'सावधान. आत नायट्रोजन आहे. परवानगीशिवाय प्रवेश करू नये.' भाषांतर बिनचूक होतं. त्या कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही.

एका शब्दाच्या पोटात काय काय असतं, हे लोकांना सांगायला मला आवडतं. पण शब्द कुठून आला हे कळल्याने टाकीत उतरलेला माणूस वाचत नाही. त्याला वाचवतो तो ऑक्सिजन मीटर. खिशात मावेल एवढं यंत्र असतं, ऑक्सिजन कमी पडला की ओरडतं. हल्ली कुठल्याही कारखान्यात काम घेतलं की मी पहिल्या दिवशी विचारते, तुमचा मीटर कुठे आहे? हे माझं काम नाही, तरी विचारते. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, "आहे ना, मॅडम. कपाटात आहे. किल्ली साहेबांकडे असते, आणि साहेब आज पुण्याला गेलेत."