मावशीचं पीक

मार्सेलिन मावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी बोळिंजच्या फ्लॅटमध्ये चहा गाळत होते. मावसभावाचा फोन. "आई गेली गं... झोपेतच," एवढंच तो म्हणाला. आता चर्चमध्ये तिच्यासाठी महिन्याचा मिस्साही झाला. रडणं ओसरलंय, आठवते ती तिची कुरकुर. इतकी भाविक आणि इतकी कुरकुरी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तिचं अर्धं आयुष्य वाडीत गेलं. भात, वांगी, केळी. मग वाटण्या झाल्या, वाडीवर इमारत उभी राहिली आणि मावशी वालीवला दप्तरांच्या कारखान्यात शिवणाला लागली. एकीने खिसे शिवायचे, दुसरीने चेन लावायची, हिने फक्त पट्टे. पुरं झालेलं दप्तर तिच्या हातात कधी यायचंच नाही. "वाडीत देव दिसायचा गं," ती म्हणायची. "पानी घातलं की पान वर यायचं. इथं काय, पट्ट्यावर पट्टा." आगेऱ्याला, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाला, जो तो आपलं पहिलं पीक देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेतो. फादर भाताच्या लोंब्या आशीर्वादित करतात आणि घरटी एकेक लोंबी नेली जाते. वाडी गेल्यावर मावशी बाजारातली भाजी वेदीपाशी ठेवू लागली, आणि घरी येऊन म्हणायची, "दुसऱ्याचं पीक माजं म्हनून देते, म्हंजे खोटंच ना?" देवाला देण्याजोगं आपल्या हातून आता काहीच होत नाही, हे तिला आतून खात होतं... आणि आमच्या समजुतीच्या गोष्टी तिला पटत नव्हत्या.

एका आगेऱ्याला मात्र ती रांगेत दप्तराचा काळा पट्टा घेऊन उभी राहिली. बकलासकट. सुपरवायझरला विचारून आणलेला. मागची बाई फिस्सकन हसली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. "हे काय आणलंस, बाय?" फादरांनी विचारलं. "माजं पीक, फादर. मीच शिवलाय." फादरांनी तो पट्टा दुध्याशेजारी ठेवला. खरी गंमत पुढे झाली. देऊळ सांभाळणाऱ्या अंतोनकाकांना वाटलं, लोंब्यांची पेंढी बांधायलाच कुणीतरी पट्टा दिलाय. त्यांनी बकल आवळून पेंढी बांधली आणि दाराशी नेऊन ठेवली. सगळं गाव त्या पट्ट्यातून लोंब्या ओढून घेत होतं, आणि मावशी खांबाआड उभी राहून डोळे टिपत होती. "बघ," ती मला म्हणाली, "एक टाका उसवला नाय."

त्यानंतर कुरकुर थांबली असं मुळीच नाही. सुपरवायझर, पंखा, रिक्षावाले, सगळ्यांचा उद्धार चालूच राहिला. पण पट्ट्यांबद्दल ती पुन्हा कधी वाकडं बोलली नाही. जोडावर दुहेरी टीप घालते, वेळ लावते, म्हणून बोलणी खायची आणि तरी घालायचीच. मुलाने घरी बस म्हटलं, तर त्यालाच गप्प बसवलं. मला तिचा फार हेवा वाटायचा. अजूनही वाटतो.

महिन्याच्या मिस्साला तिच्या शेजारच्या मशीनवरची संगीता आली होती. देवळात पहिल्यांदाच येत होती, चपला कुठे काढायच्या म्हणून दाराशी घुटमळली. नंतर चहा घेताना म्हणाली, "मावशीचं मशीन आता मला दिलंय. पहिला पट्टा सुईखाली सरकवताना त्या म्हणायच्या, 'घे, देवा.' रोज. आता मलाही म्हटल्याशिवाय पायडल मारवत नाही."

"कुठल्या देवाला म्हणतेस?" मी विचारलं.

ती थोडी लाजली. "ते काय ठरवलं नाही, ताई... मावशीच्याच."