आठ मशिनं बंद करून तो आला

"रागाच्या भरात हातात आलं ते मारलं," आरोपीचे वकील म्हणाले आणि माझं डोकंच सणकलं. हातात आलं म्हणे!

सुरतेत आमच्या लूमच्या खात्यात मी, माझा धाकटा भाऊ आणि तो आरोपी, तिघं शेजारशेजारच्या ओळींत. प्रत्येकाकडे आठ मशिनं. त्या सकाळी नळावर भावाची आणि त्याची जुंपली. दोघांनी एकमेकांची आई-बहीण काढली आणि कामाला लागले. दुपारी त्याने लोखंडी पान्याने भावाचं डोकं फोडलं. भावाचा डावा डोळा गेला तो गेलाच.

गाववाले म्हणायचे, आपल्याच तालुक्यातला आहे, मिटवून टाक. मी म्हटलं, तुमच्या पोराचा डोळा गेला असता तर मिटवलं असतं का? नाही म्हणजे नाही.

सरकारी वकीलबाई म्हणाल्या, "मारलं, हे तोही नाकारत नाही. जीव घ्यायचं ठरवून आला होता, हे दाखवायला हवं."

मग मी त्यांना मशिनांचं सांगितलं. भडकलेला कारीगर मशिनं चालू टाकून धावतो, कापड बिघडलं तर बिघडलं. याने आठही एकेक करून बंद केली, मशिनं दुरुस्त करणाऱ्या मास्तरच्या पेटीतून पाना काढला आणि मग आला. खात्यात काम करणाऱ्याला आवाज कमी झालेला लगेच कळतो.

बाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला कळलं, तर मधे पडला का नाहीत? त्याचे वकील ते विचारणारच. सांगाल?"

"सांगेन," म्हणालो खरा, पण भावाला हे मी कधीच सांगितलं नव्हतं.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी विचारलंच. भाऊ मागच्या बाकावर बसला होता.

"हो, कळलं होतं," मी म्हणालो. "तो भावाकडेच निघालाय, हेही कळलं. सकाळी भावानेही तोंड सोडलं होतं. वाटलं, खाऊ दे दोन थपडा, अक्कल येईल. पाना दिसला तेव्हा त्याला अडवायला पळालो."

"म्हणजे चूक तुमचीही?"

"माझी आहेच. पण त्याने ठरवून मारलं, साहेब. दोन्ही लिहून घ्या."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. बाई माझ्याकडे बघून हलकेच मान हलवून बसल्या.

बाहेर आलो. भाऊ पायरीवर थांबला. मग म्हणाला, "दादा, एक हाक तरी मारायचीस."