दादा, वहिनी आणि जाम इंजिन

दादा गेल्याचं मला वहिनीनेच सांगितलं, पण आपण काय सांगतो आहोत हे तिला कळत नव्हतं. मी नेहमीसारखी भाजीची पिशवी घेऊन भिलाईतल्याच वैशाली नगरच्या माझ्या घरून रुआबांध्याला त्यांच्या घरी पोचले, तर ग्रिलच्या दाराला आतून कुलूप आणि वहिनी गज धरून उभी. "शालूताई, हे उठूनच नाही राहिले. किती आवाज देल्ले. तुमीच हाक मारा बरं, तुमचं ऐकतीन." किल्ली दादाच्या उशाखाली असायची. मी तिला किल्ली आणायला सांगितलं, ती आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आली. पुन्हा सांगितलं, तर दादाचा चष्मा घेऊन आली... शेवटी शेजाऱ्यांनी पहार घालून कुलूप तोडलं. दादा कुशीवर झोपलेला होता. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. आता काही आठवडे उलटलेत, लोक भेटले की त्याच्या शांत मरणाचं कौतुक करतात. मला मात्र ते कुलूपच आठवत राहतं.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले. दादा भिलाईत स्टील प्लांटमध्ये मेकॅनिकल मेंटेनन्सला लागला, आणि मग आईला आणि मला इकडे घेऊन आला. मी इथेच शिकले, इथेच शाळेत शिकवून निवृत्त झाले. दादाची सगळी नोकरी 'जॉब' या एका शब्दात मावायची. घरातला नळ गळला तरी तो जॉब, वहिनीने पापड लाटायला घेतले तरी तो जॉब. माझं तोंड पहिल्यापासूनच फाटकं. प्लांटमध्ये परमिटवर सही झाल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत, म्हणून मी म्हणायचे, "दादा, लग्नाच्या वेळी पण परमिट काढलं होतं का रे?" तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "काढलं होतं ना. तुह्या वहिनीनं सही केली, मंगच काम सुरू केलं." प्लांटमधली एक शिस्त त्याने घरीही कधी मोडली नाही. मशीनमध्ये एकट्याने हात घालायचा नाही. एकाने काम करायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून लक्ष ठेवायचं. दुसरा माणूस नसेल तर जॉब बंद. साधा पंखा उतरवायचा तरी तो मला वैशाली नगरहून बोलावून घ्यायचा आणि मी आपली स्टुलाशेजारी उभी.

दादा निवृत्त झाला आणि वहिनी विसरायला लागली. आधी मीठ, मग माणसं, मग रस्ते. एका दुपारी ती घरातून निघाली आणि संध्याकाळी बाजारात कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर सापडली, त्या दिवशी दाराला कुलूप आलं. तिला बाहेर न्यावं तर कसं न्यावं, हाही प्रश्नच. कारचं दार बंद झालं की ती काचेवर हात आपटायची. ऑटो थांबला की उतरून चालू लागायची. दादाच्या स्कूटरवर तर बसायलाच तयार नव्हती. "ही आपली गाडी नाही जी," म्हणून फाटकाशी खांबासारखी उभी राहायची. मी तिच्याजवळ बसले तरी घडीभरात तिची शोधाशोध सुरू, हे कुठं गेले, हे कुठं गेले. त्यामुळे ती कुलपाच्या आत आणि दादाही कुलपाच्या आत. भाच्याचा, म्हणजे दादाच्या मुलाचा, पुण्याहून फोन यायचा. "आत्या, पापा को समझाओ ना. आईसाठी एखादं चांगलं सेंटर पाहू. ऐसे कब तक बंद रहेंगे दोनों?" मी दादाकडे विषय काढला, तर तो एवढंच म्हणाला, "इले तिकडं बंद करून मी मोकळा फिरू का?" भाच्याचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण दादापुढे पुन्हा बोलायची हिंमत झाली नाही.

आणि एक दिवस त्या घराच्या मागच्या अंगणात मोटरसायकल आली. लग्नानंतर दादाकडे होती, अगदी त्याच मॉडेलची. ती कधीच विकून टाकली होती. ही नंदिनी नगरला कुणाच्या तरी परसात टिनाखाली पडून होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. टाकी गंजलेली, टायर बसलेले, किक मारावी तर ती जागची हलत नव्हती. "दादा, कावून आणलं हे भंगार?" मी विचारलं. दुकानातल्या मेकॅनिकनेही त्याला सांगितलं होतं, चाचा, कबाड़ी को दे दो. पण गाडी टेम्पोतून उतरली तेव्हा वहिनीने टाकीवर हात फिरवून विचारलं होतं, "पेट्रोल भरलं का जी?" तिला ही गाडी आपली वाटली होती. दादाला तेवढं पुरेसं होतं. "इंजिन मेलं नाही शालू, जाम झालं," तो म्हणाला. "पिस्टन गंजून सिलिंडरले चिकटला. त्याले सोडवता येते. जोर करायचा नाही, जोर केला का तुटते." त्याने प्लग काढला आणि त्या भोकातून डिझेल आणि रॉकेल मिसळून आत सोडलं. गंज मऊ व्हायची वाट पाहायची. रोज सकाळी थोडं थोडं ओतायचं आणि त्यावर फडकं झाकून ठेवायचं. आपण दोघं इथून बाहेर पडू ते याच गाडीवर, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

मी त्या दिवशी तिथेच होते, म्हणून सांगते. दादा आंघोळीला गेला होता. वहिनी नेहमीसारखी तुळशीला पाणी घालायला मागे आली. तुळशीला घातलं, हात जोडले, आणि लोट्यात उरलेलं पाणी घेऊन गाडीपाशी गेली. फडकं बाजूला करून तिने सगळं पाणी प्लगच्या भोकात हळूहळू ओतलं आणि पुन्हा हात जोडले. रोज सकाळी नवरा तिथे काहीतरी ओततो हे तिने पाहिलं होतं, आपणही ओतावं एवढंच तिला कळलं. मी ओरडेपर्यंत लोटा रिकामा झाला होता. दादा ओल्या अंगाने बाहेर आला आणि त्याने जन्मात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. "तुले काई समजते का! मरू दे मले इथंच!" डिझेलचा डबा त्याने भिंतीवर फेकला. वहिनी दारामागे शिरून बसली. दादा पायरीवर बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "शालू, मले आता सहन होऊन नाही राहिलं." माझा भाऊ रडत होता आणि मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचंही सुचलं नाही...

बऱ्याच वेळाने तो उठला. गाडी आडवी करून त्याने पाणी काढलं, पुन्हा डिझेल भरलं, मग आत जाऊन वहिनीला हाताला धरून बाहेर आणलं. "मायीच चूक आहे," तो मला म्हणाला. "मी एकटा जॉब करून राहिलो होतो." दुसऱ्या दिवसापासून वहिनी त्याच्या कामावरची दुसरी माणूस झाली. तेलाचा डबा तिच्या हातात. तो म्हणेल तेव्हा चमचाभर ओतायचं आणि फडकं झाकायचं, हे काम तिच्याशिवाय व्हायचं नाही. गंमत म्हणजे स्वयंपाकघरात गॅस चालू ठेवून निघून जाणारी वहिनी इथे मात्र चुकत नसे. मग चाकाबरोबर आतला पिस्टनही हलावा म्हणून त्याने गाडी टॉप गिअरमध्ये टाकली आणि दोघं ती मागे पुढे ढकलू लागले. दादा हँडलला, वहिनी मागून. गाडी तसूभर हलायची आणि अडायची. "ढकल." "ढकलून तं राहिली जी!" असं रोज. मी चहा करून द्यायचे आणि हसायचे. एका सकाळी चाक अडलंच नाही, गाडी सरळ पुढे गेली आणि दोघं तुळशीवर आदळता आदळता वाचले. दादाने मान वर केली. "सुटला," तो म्हणाला. मला वाटलं आता नाचेल, पण त्याने आधी वहिनीच्या हाताला लागलेलं तेल फडक्याने पुसलं.

पुढे बरीच खुडबुड झाली, कार्ब्युरेटर झाला, नव्या रिंगा झाल्या. गाडी सुरू झाली त्या संध्याकाळी वहिनी न सांगता मागे बसली, पदर खोचला आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवला. मी फाटक उघडून दिलं. दोघं टाउनशिपच्या रस्त्याला लागली आणि मी त्या रिकाम्या घरात, उघड्या दारात, एकटी बसून खूप रडले. नंतरचे काही महिने ती दोघं रोज संध्याकाळी निघायची. एवढेच महिने मिळाले त्यांना.

आता वहिनी माझ्याकडे आहे आणि कुलूप माझ्या दाराला आहे. गाडीही माझ्याच अंगणात उभी आहे. मला चालवता येत नाही. रोज संध्याकाळी वहिनी केस विंचरून गाडीपाशी जाऊन उभी राहते. दादा गेल्याचं तिला सांगायचं धाडस माझ्याच्याने होत नव्हतं. तिची घालमेल बघवेना, म्हणून एकदा गाडी मोठ्या स्टँडवर चढवून मीच पुढे बसले. ती मागे बसली. खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, मग खांदा चाचपून पाहिला.

"शालूताई, तुमी आहा ना?"

"हो."

"मंग हे नाही आता."

तिने ते अगदी सरळ सांगितलं, आणि माझ्या पाठीला डोकं टेकवून ती रडली. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच. मीही रडले. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा केस विंचरून गाडीपाशी उभी होती, तिला काही आठवत नव्हतं.

त्यानंतर मी पुढच्या सीटवर बसलेले नाही. तिला मागे बसवते, पुढची सीट रिकामी ठेवते आणि बाजूला उभी राहून तोंडाने रस्ता सांगत जाते. वहिनी, फाटक मागे पडलं. वहिनी, बाजार आला, गर्दी आहे, सांभाळा. तिचे डोळे मिटलेले असतात. डावीकडे वळलो, असं मी म्हणते, आणि ती डावीकडे थोडी कलते.