नवव्या प्रकरणात अडलेली वही

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सांगलीत घरी बसून एक कादंबरी लिहीत होते. इंग्रजांच्या काळातली, म्हसवडकडची एक बाई. खुनासाठी तिला काळ्या पाण्याची शिक्षा होते आणि अंदमानात दुसऱ्या एका कैद्याशी लग्न करून ती नव्यानं संसार मांडते. माझं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून वह्या कडेगावच्या एका बाईंकडे टायपिंगला देत होते. चाळिशीच्या, अबोल, कामाला चोख. एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या बसायच्या.

सहावी वही दिली आणि त्यांचा फोन लागेना. आठ दिवस झाले. त्यांच्या गावच्या एका शिक्षिकेला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, त्या बाई नवऱ्याच्या खुनात सात वर्षं तुरुंगात होत्या, तुम्हाला माहीत नव्हतं का?

मला माहीत नव्हतं. वहीत मी काय काय लिहिलंय ते आठवायला लागलं. 'रक्तानं माखलेले हात' हे शब्द तर तीनदा आले होते. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळच्या एसटीनं कडेगावला निघाले. वाटभर माफीची वाक्यं जुळवली, एकही धड जमलं नाही.

बाई दुकानातच होत्या. मोबाइल बिघडला होता, एवढंच. माझं तोंड बघून त्यांनी ओळखलं. स्टूल पुढं केलं, चहा सांगितला.

"कळलं व्हय तुमास्नी?"

मी मान हलवली आणि माफी मागायला लागले, तर त्यांनी थांबवलं. असलं लय ऐकून झालंय म्हणाल्या. काम अडलं होतं ते नवव्या प्रकरणात. तिथं लग्नाच्या दिवशी नवरा बायकोला म्हणतो, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

"आवं बाई, असं कुणी बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी सुटून आले तवा भावजय माझ्याशी धड बोलत बी नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं तान्ही पोरगी माझ्या मांडीवर दिली आन् रानात भांगलायला गेली. सांजंपातुर आली न्हाई. मी जाग्यावरनं हलले न्हाई."

कादंबरीतली बाई कोठडीत गावच्या देवाला, सिद्धनाथाला शिव्या घालते, ते त्यांना पटलं होतं. पुढं ती एका रात्रीत भाविक होते, तिथं मात्र पेन्सिलीनं फुली होती. त्यांचा स्वतःचा देवाशी अबोला अजून पुरता मिटलेला नाही. पोरगी मांडीवर आली त्या दिवशी तेवढे हात जोडले होते, म्हणाल्या.

ते नवव्या प्रकरणातलं वाक्य मी तिथंच खोडलं. पुढच्या वह्याही आपणच टाइप करणार, हे त्यांनी आपणहून सांगितलं. परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि तासगाव कधी गेलं ते मला कळलंच नाही, इतकी गाढ झोप लागली.