चार आणि भोपळा

मिलिटरी पोलिसात मी अठ्ठावीस वर्षं काढली. कॅम्पच्या गेटवर उभं राहायचं, येणाऱ्याचे कागद बघायचे. एकदा कॅप्टनच्या वर्दीतला एक जण गोड बोलला आणि मी कागद न बघता त्याला आत सोडलं. तो तोतया निघाला. सीओ साहेबांपुढे माझी पेशी झाली, प्रमोशन अडकलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

पेन्शनवर मुलीकडे इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आलो. तिथल्या क्रिकेट क्लबात स्कोररची ड्यूटी मिळाली. शनिवारी साडेबाराला रिपोर्ट, एकला मॅच. मैदानाची देखभाल रॉनकडे. ऐंशीचा गोरा, हातात कायम रोलर. म्हणायचा, "काउंटीकडून एक मॅच खेळलोय." आमच्याकडेही रिटायर झालेला प्रत्येक जण लढाईत सगळ्यांत पुढे असतो. मला संशय आला.

गेटवरची युक्ती वापरली. तोच प्रश्न तीन वेगळ्या दिवशी विचारायचा. खोट्याचं उत्तर बदलतं.

"रन किती?"

"पहिल्या डावात चार. दुसऱ्यात भोपळा."

तिन्ही वेळा तेच. मी मनात म्हटलं, बेट्यानं पाठ केलंय.

जूनमध्ये क्लबच्या वर्धापनदिनाची मॅच होती. सेक्रेटरी निलेश, नागपूरचा सॉफ्टवेअरवाला, मीटिंगमध्ये म्हणाला, "मॅच सुरू करायची घंटा रॉन वाजवेल. तो मान त्याचाच, काउंटी प्लेअर आहे."

"पुरावा?" मी विचारलं.

"काका, इंटरनेटवर नाव आहे त्याचं."

"तिथं कुणीही काहीही लिहितं. टोपी, ब्लेझर, फोटो?"

रॉन समोरच बसला होता. "काही ठेवलं नाही," म्हणाला आणि उठून रोलर काढायला गेला. घंटा दुसऱ्यानं वाजवली. त्यानंतर रॉन माझ्याशी 'गुड आफ्टरनून'पलीकडे बोलला नाही. सप्टेंबरमध्ये तो हार्ट अटॅकनं गेला.

फ्युनरल सकाळी अकराला. काठी टेकत एक म्हातारा माझ्या शेजारी बसला.

"रॉनच्या त्या काउंटी मॅचला दुसऱ्या टोकाला मी होतो," तो म्हणाला. "शेवटची जोडी, तीन रन हवे होते. रॉनच्या बॅटची कड लागून झेल गेला. अंपायरनं नॉट आउट दिलं. हा आपण होऊन चालायला लागला. आम्ही हरलो. कॅप्टननं त्याला परत टीममध्ये घेतलं नाही."

खरेपणापायी ज्याचं क्रिकेट गेलं, त्याच्याकडे मी चारचौघांत पुरावा मागितला होता. माझी मलाच लाज वाटली. माफी मागायची राहून गेली.

एप्रिलमध्ये मैदानाच्या कडेच्या बाकावर त्याच्या नावाची पाटी लावायचं ठरलं. निलेशनं फोन केला. "काका, काउंटी प्लेअर लिहू ना? नंतर तुम्हीच पुरावा मागाल."

"लिही. खाली रनही लिही. चार आणि भोपळा."

"नक्की?"

"नक्की. मी त्याला तीनदा विचारलंय."